मदत हवी आहे: हेल्थ इन्फॉर्मेटिक्सची ऑनलाइन पदवी आता मान्य आहे का?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, सध्या बेळगावात एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्स विभागात आहे. शिफ्टची नोकरी सोडून पुण्या-बेंगळुरूला राहणं शक्य नाही, म्हणून हेल्थ इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे रुग्णांची आरोग्यविषयक माहिती संगणकावर हाताळण्याचा विषय, ऑनलाइनच शिकायचा आहे.

अडचण मान्यतेची आहे. यूजीसी-मान्य ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात, हे माहीत आहे. पण 2021 च्या एनसीएएचपी कायद्यात (डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा) येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम यूजीसीने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून बंद केले, आणि त्या कायद्याच्या परिशिष्टात हेल्थ इन्फॉर्मेटिक्स आहे! एका संस्थेत विचारलं तर "आमचं एमबीए आहे, ताई, काळजी करू नका" एवढंच म्हणाले. लेखी मागितलं, ते काही आलं नाही.

परदेशी विद्यापीठांची फी झेपणारी नाही. कृपया सर्टिफिकेट कोर्स सुचवू नका, मला पदव्युत्तर पदवीच हवी आहे. आयसीडी-10 कोडिंग (आजारांना ठरावीक सांकेतिक क्रमांक देणं) येतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं (आरोग्यनोंदी डिजिटल करण्याची केंद्राची योजना) काम एफएचआयआर मानकावर, म्हणजे आरोग्यनोंदी एका संगणक प्रणालीतून दुसरीत पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर चालतं, म्हणून तेही शिकतेय. प्रोग्रामिंग मात्र शून्यापासून करावं लागेल, त्याची तयारी आहे.

2025 च्या त्या निर्णयानंतर कुणी प्रवेश घेतलाय का? एमबीएच्या नावाखाली हाच विषय शिकवला तर ती पदवी वैध धरतात का, आणि बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूरच्या हॉस्पिटलांत भरतीच्या वेळी ती प्रत्यक्षात चालते का?