मदत हवी आहे: नेत्राणी डायव्हिंगच्या बोटीचा अॅडव्हान्स परत मिळेल का? (तातडीचं)

निळाई
कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर स्कूबाला जायचं ठरलंय, आम्ही डोंबिवलीचे आठ जण. बोटवाल्याला निम्मे पैसे आगाऊ दिलेत. आता आमच्यातले दोघं येत नाहीयेत. त्यांचे पैसे मागितले तर तो म्हणतो, अॅडव्हान्स परत मिळत नाही, फार तर एकदा तारीख बदलून देतो. असं चालतं का? कायद्याने काही करता येईल का? याच शनिवारचं आहे आणि उरलेल्या पैशांसाठी तो रोज मागे लागलाय, तेव्हा प्लीज लवकर सांगा. "आधी नियम वाचायचे ना" हे नको, वाचलेत.

खोलपाणी
एकूण किती पैसे, कशाने दिले, माणशी बुकिंग आहे की अख्खी बोट घेतलीय? आणि ते दोघं का येत नाहीयेत? एवढं कळल्याशिवाय नुसते तर्कच लढवावे लागतील.

प्रवासीपक्षी
बँकेला फोन करा आणि चार्जबॅक टाका, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागा. हॉटेलवाल्याने माझे पैसे अडकवले होते तेव्हा कार्डाच्या बँकेनेच सोडवून दिले. बोटवाल्याशी बोलत बसण्यात काही अर्थ नाही.

निळाई
यूपीआयने दिलेत, कार्डाने नाही. माणशी ६,५०० प्रमाणे ५२,०००, त्यातले २६,००० गेले. बोट अख्खी आमची.

प्रवासीपक्षी
मग अवघड आहे. म्हणून मी कायम कार्डानेच देतो.

देवबागकर
ताई, मी स्वतः बोट चालवतो, तुमच्या त्या भागात नाही, इकडे मालवणात. दुसरी बाजू पण ऐका. अख्खी बोट दिली म्हणजे त्या दिवशी मी दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. तांडेल, खलाशी, पाण्यात उतरणारे इन्स्ट्रक्टर, सगळ्यांचा रोज ठरलेला असतो. सिलिंडर आदल्या रात्री भरून ठेवतो. आठाचे सहा झाले म्हणून डिझेल कमी लागत नाही. आमचा मोसम मोजका, पावसाळ्यात सगळं बंद. शनिवार-रविवार बुडाला तर तो दिवस परत येत नाही. आयत्या वेळी दोघं गळाले तर त्यांचे पैसे मी तरी देणार नाही, आणि कोणी देत असेल असं मला वाटत नाही.

कोकणवेडा
पण मी म्हणतो, नेत्राणीला जायचंच कशाला? डोंबिवली-ठाण्याच्या माणसाला मालवण जवळ. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, किनाऱ्यावर उतरलात की लगेच बोट मिळते, अॅडव्हान्सची भानगडच नाही. वर जेवायला सोलकढी आणि सुरमई.

खोलपाणी
कोकणवेडा, दोन्हीची तुलना होत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात हात धरून थोडा वेळ खाली नेतात, पहिल्यांदा करणाऱ्याला ते छान आहे. नेत्राणी किनाऱ्यापासून १० सागरी मैलांवर, जायलाच दीड-दोन तास. पाणी स्वच्छ असेल त्या दिवशी बोटीवरून तळाचे खडक दिसतात. म्हणूनच तिथे आगाऊ बुकिंग लागतं, बोटवाला पाच माणसांसाठी तेवढं डिझेल जाळत नाही.

कोकणवेडा
किल्ल्याजवळ पाणी स्वच्छ नसतं असं म्हणायचंय का? डिसेंबर-जानेवारीत येऊन बघा एकदा.

देवबागकर
वारो नसलो तर आमचा पाणी पण आरशासारखा. पण भांडू नका, ताईंचा प्रश्न तसाच राहिलाय.

शुभांगी_के
मध्येच विचारते, सॉरी. मला चष्मा आहे आणि पोहता येत नाही. मला करता येईल का?

खोलपाणी
शुभांगी, पोहता येत नसलं तरी सुरुवातीचा डाइव्ह करता येतो, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ सोबत असतो. चष्मा मास्कच्या आत बसत नाही. नंबराच्या काचांचा मास्क आहे का ते बुकिंग करतानाच विचारा, बोटीवर चढल्यावर नाही.

कायदेकानू
निळाई, माझे तीन प्रश्न. अटी लेखी आल्या का, आणि पैसे देण्याआधी की नंतर? तारीख बदलायची गोष्ट आधी कोणी काढली, तुम्ही की त्याने? आणि त्याचा शेवटचा मेसेज जसाच्या तसा इथे टाका, नाव आणि नंबर काढून. तुम्ही सांगताय त्यात मधलं काहीतरी राहिलंय.

निळाई
अटी पैसे दिल्यावर व्हॉट्सअॅपवर आल्या, त्यासोबत तब्येतीचा फॉर्म. मेसेज असा आहे: "शनिवारी समुद्र खराब आहे, बोट सोडायची परवानगी नाही. तुमचं रविवारी केलंय. बाकीचे पैसे आज पाठवा. नाही आलात तर अॅडव्हान्स जप्त." हवामानाला तो काय करणार, म्हणून ते लिहिलं नव्हतं. दोघांपैकी एकाला दमा आहे, फॉर्ममध्ये तो प्रश्न आल्यावर त्याने नको म्हटलं. दुसऱ्याचं सोमवारी सकाळी सहाला मंगळूरहून विमान आहे. शनिवारी जमत होतं, रविवारी नाही.

खोलपाणी
म्हणजे शनिवारची बोट त्याने रद्द केलीय! हे पहिल्या ओळीत हवं होतं. सगळं उत्तरच बदललं.

आणि विमानवाल्या मित्राला कोणी आग्रह करू नका. नेत्राणीला बहुतेक दोन डाइव्ह होतात, रविवारी दुसऱ्यातून बाहेर यायला एक-दोन वाजणार. एकाच दिवसात एकाहून जास्त डाइव्ह झाले असतील तर विमानात बसण्याआधी निदान १८ तास थांबायचं, हा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला जगभर पाळला जातो. एकच डाइव्ह असेल तर १२ तास. दुपारी दीडपासून पहाटे सहापर्यंत साडेसोळाच होतात. खाली दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याचे बुडबुडे झाले तर सांधे धरण्यापासून मज्जारज्जूला इजा होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यामुळे "रविवारी या" ही त्या माणसासाठी बदली तारीख होऊच शकत नाही, आणि हे डाइव्ह चालवणाऱ्याला पाठ असतं.

दम्याचंही तसंच. फॉर्मवर "हो" लिहावं लागलं तर डॉक्टरची सही आणावी लागते. "नाही लिहून टाक, काही होत नाही" असं सांगणारे किनाऱ्यावर भेटतील, त्यांचं ऐकू नका. फॉर्म पैसे घेण्याआधीच पाठवायला हवा, यावर मी कुठल्याही बोटवाल्याशी वाद घालायला तयार आहे.

प्रवासीपक्षी
याला विमा हाच उपाय. डायव्हिंगचा विमा काढला असता तर सगळे पैसे मिळाले असते.

खोलपाणी
नाही हो. डायव्हिंगचा विमा अपघाताचा असतो, उपचार आणि दाबाच्या चेंबरचा (बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करायची बंद खोली) खर्च त्यात येतो. बोट रद्द झाल्याचे पैसे हा प्रवास विम्याचा भाग आणि तोही त्या पॉलिसीत लिहिलेला असेल तरच. हे ऐकून कोणी चुकीची पॉलिसी घेऊ नये म्हणून सांगतो.

देवबागकर
ताई, मी वर लिहिलं ते तुमच्याकडून दोघं गळाले असं धरून. बंदरावर धोक्याचा बावटा लागला आणि बोट निघाली नाही, तर आमच्यात गिऱ्हाइकाला दोन रस्ते देतात, दुसरा दिवस नाहीतर पूर्ण पैसे. २०१९ला ऐन दिवाळीत क्यार वादळ आलं, देवबागात पाणी घरापर्यंत आलं होतं. सगळा आठवडा गेला. तेव्हा ज्यांचे पैसे घेतले होते त्यांचे परत केले, उसने घेऊन केले. समुद्राने रद्द केलं त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकावर टाकला तर पुढच्या वर्षी कोण येणार?

प्रवासीपक्षी
मग मघाशी "कोणी देत नाही" कसं म्हणालात?

देवबागकर
दोन वेगळ्या गोष्टी आहेत साहेब. बोट तयार आणि गिऱ्हाईक नाही, ही एक. गिऱ्हाईक तयार आणि बोट नाही, ही दुसरी.

कायदेकानू
देवबागकरांनी नेमकं सांगितलं. निळाई, आता तुम्ही दोघांचे पैसे मागूच नका. शनिवारची सेवा मिळणार नाही, रविवार गटाला सोयीचा नाही, सबब पूर्ण २६,००० परत करा, असा एकच मेसेज आजच पाठवा. उरलेले पैसे देऊ नका. ते दिलेत तर तुम्ही रविवार मान्य केला असं होईल. फोनवर बोलणं झालं तरी "आत्ता बोललो त्याप्रमाणे" म्हणून मुद्दे लिहून पाठवा.

नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, तिला पैसे लागत नाहीत. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे डोंबिवलीकरांना ठाण्यात. कर्नाटकात खेटे घालायची गरज नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फीही नाही. कराराची अटच अन्यायकारक ठरवून घ्यायची असेल तर तो विषय राज्य आयोगाकडे जातो, पण तुम्हाला एवढ्या लांब जायचं कारण नाही. पैसे घेतले, सेवा दिली नाही, एवढं म्हणणं पुरे. अटी पैसे घेतल्यावर पाठवल्या हेही त्यात लिहा, स्क्रीनशॉटवर वेळ दिसते.

कोकणवेडा
जाणं रद्द होत असेल तर मत्स्यगंधा एक्सप्रेसची तिकिटं आजच रद्द करा, जितका उशीर तितकी कपात जास्त.

निळाई
मेसेज पाठवलाय. मला खरंच वाटत होतं की समुद्र खराब म्हणजे आमचंच नशीब. बाकी सहाजण रविवारी जायला तयार होते, पण आता कोणाचीच इच्छा नाही. तो काय म्हणतो ते लिहिते.

निळाई
त्याचा फोन आला. आधी चढ्या आवाजात, मग १९१५ म्हटल्यावर खाली. १८,००० आत्ता पाठवतो म्हणाला, ८,००० डिझेल आणि माणसांच्या रोजाचे कापणार. "हिशेब पूर्ण मिटला" असं लिहून द्या, मग पाठवतो, असं म्हणतोय. घेऊ का?

देवबागकर
बोट धक्क्यावरून हललीच नाही तर डिझेल कुठे जळलं? रोजाचं एक वेळ समजू शकतो, पण परवानगी नाही हे त्याला आधी कळलं होतं, माणसांना पण आधीच सांगितलं असणार. विचारा त्याला.

कायदेकानू
पैसे घ्या, पण ते वाक्य लिहून देऊ नका. ते दिलंत की ८,००० वर पाणी सोडलंत. असं लिहा: "१८,००० पाठवलेत तर ते २६,००० पैकी धरू. उरलेले ८,००० येणे राहतील, कपात मान्य नाही." हे तो पैसे पाठवो न पाठवो, आजच लिहा. नाही पाठवले तर पूर्ण २६,००० ची तक्रार उद्या सकाळी टाका. मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्री बघते.

निळाई
तसंच लिहून पाठवलं. १८,००० आले. बाकीचं १९१५ वर टाकतेय, व्यनि केलाय.

शुभांगी_के
नंबराचा मास्क भाड्याने मिळतो की आपला न्यावा लागतो?