मदत हवी आहे: जात्याच्या घरघरीवर बांधलेलं गाणं प्रकाशित करायचंय

नमस्कार मंडळी,

आजी दळत असताना जात्याची घरघर मी मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. त्यातला एका फेऱ्याचा, जेमतेम दोन सेकंदांचा तुकडा सलग फिरवत ठेवून त्यावर पॉप गाणं बांधलंय. ढोलकी नाही, ड्रम नाही. खुंटा वळताना दगड किंचित अडखळतो ना, तोच ठेका. १९८१ साली अमेरिकन कलाकार लॉरी अँडरसनचं ‘ओ सुपरमॅन’ असंच एका ‘हा’ या उच्चाराच्या आवर्तनावर उभं राहिलं आणि आठ मिनिटांचं असूनही ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यामुळे मला माझ्या सहा मिनिटांची भीती वाटत नाही.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. तुकडा जिथे जोडलाय तिथे दर फेऱ्याला बारीक ‘टक्’ ऐकू येतं. क्रॉसफेड दिला (म्हणजे तुकड्याचा शेवट हळू विरत असतानाच सुरुवात त्यात मिसळली) की ते जातं, पण दगडाचं अडखळणंही पुसट होतं. काय करू?

दुसरं, गाण्यात घेतलेली आजीची ओवी पारंपरिक आहे, पण त्यातल्या दोन ओळी तिने स्वतः रचल्यात. गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोहोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्मवर गीतकार म्हणून ‘पारंपरिक’ लिहू की तिचं नाव? तिचं नाव यावं अशी माझी फार इच्छा आहे. पुढे हक्कावरून कटकट होईल का?

आणि स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. मराठीसाठी प्रत्यक्षात किती आधी पाठवलेलं बरं? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.