नागिऑस: होस्टच्या व्हेरिएबलमधला यूजर मॅक्रो उलगडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या तीन शाखांमधले स्विच नागिऑस कोअर ४ वर (नेटवर्कमधल्या उपकरणांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतले आहेत. प्रत्येक शाखेची एसएनएमपी कम्युनिटी (स्विचकडून माहिती मागताना द्यायचा पासवर्डसारखा शब्द) वेगळी. होस्टच्या, म्हणजे एकेका स्विचच्या, कॉन्फिग फाइली गिटमध्ये (फाइलींचे बदल जपणारी सामायिक जागा) जातात, बरेच जण त्या उघडतात, म्हणून कम्युनिटी तिथे लिहायची नाही. ती रिसोर्स डॉट सीएफजी या नागिऑसच्या वेगळ्या फाइलीत $यूजर५$, $यूजर६$, $यूजर७$ अशा यूजर मॅक्रोंत ठेवली आहे (मॅक्रो म्हणजे दोन डॉलरमधलं नाव, नागिऑस त्याच्या जागी खरी व्हॅल्यू घालतं).

शाखेच्या होस्ट टेम्प्लेटमध्ये _कम्युनिटी या कस्टम व्हेरिएबलला $यूजर५$ दिलं आणि चेकच्या कमांडमध्ये -सी (कम्युनिटी देण्याचा पर्याय) च्या पुढे $_होस्टकम्युनिटी$, म्हणजे त्याच व्हेरिएबलचा मॅक्रो. शाखा कितीही वाढल्या तरी कमांड एकच राहावी, एवढाच हेतू. कॉन्फिग व्हेरिफाय केलं की एरर नाही, वॉर्निंग नाही. पण चेक सगळे टाइमआउट! एसएनएमपीच्या व्ही२सी आवृत्तीमध्ये कम्युनिटी चुकली की स्विच नकारही देत नाही, गप्प बसतो. त्यामुळे सगळ्यांचा संशय आधी फायरवॉलवर. तोच चेक हाताने, खरी कम्युनिटी देऊन चालवला की उत्तर लगेच येतं.

मग प्लगिनच्या (प्रत्यक्ष चेक करणारा प्रोग्राम) जागी एक छोटी स्क्रिप्ट लावली, मिळालेले आर्ग्युमेंट फाइलीत लिहिणारी. -सी च्या पुढे नुसता एक डॉलर! माझा अंदाज असा: नागिऑसने एकदाच उलगडलं, $यूजर५$ तसंच शेलकडे (कमांड चालवणारा प्रोग्राम, डॉलरपुढचं नाव तो स्वतःचं व्हेरिएबल समजतो) गेलं, शेलला त्या नावाचं काही सापडलं नाही आणि शेवटचा डॉलर तेवढा उरला. बरोबर आहे का? यावर उपाय काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

अंदाज बरोबर आहे. कस्टम व्हेरिएबलची व्हॅल्यू जशीच्या तशी बसते, तिच्या आतला मॅक्रो पुन्हा कोणी बघत नाही. सर्व्हिसच्या चेक_कमांडमध्ये उद्गारचिन्हापुढे दिलेले आर्ग्युमेंट मात्र कमांडमध्ये बसण्याआधी उलगडतात. तेव्हा $यूजर५$ तिथे द्या आणि कमांडमध्ये $आर्ग१$ घ्या, सिंगल कोटमध्ये. शाखेगणिक होस्टग्रुप (होस्टचा गट) करून त्यावर एकेक सर्व्हिस लावा, बाकी सगळं एका सर्व्हिस टेम्प्लेटमध्ये. कमांड एकच राहते.

खरी कम्युनिटी होस्ट टेम्प्लेटमध्ये लिहून ती फाइल गिटबाहेर ठेवायचा मोह होईल, पण तसं करू नका. कस्टम व्हेरिएबल ऑब्जेक्ट्स डॉट कॅश या नागिऑसने बनवलेल्या फाइलीत उतरतात आणि वेब इंटरफेस तीच फाइल वाचतो. रिसोर्स फाइल तो वाचत नाही, म्हणून तिची परवानगी ६०० (फक्त फाइलीच्या मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवली तरी काही अडत नाही.