पिल्लं हातात देणारं रिसॉर्ट टाळाच

कोकणातलं रिसॉर्ट शनिवारी सकाळी दहाला पाहुण्यांच्या हातून कासवाची पिल्लं सोडणार, बुकिंग करू का, असं एकानं विचारलंय. करू नका.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं वाळूबाहेर येतात ती बहुधा रात्री किंवा पहाटे, गारव्यात. पोटात उरलेल्या बलकाच्या जोरावर त्यांना खोल पाणी गाठायचं असतं. वीकएंडसाठी टबात अडकवली की ती तिथेच पाय मारत राहतात आणि ती ताकद संपते. त्यात दहा वाजता वाळू तापलेली! समुद्रापर्यंतचं अंतरही त्यांनी स्वतःच चालायला हवं, उचलून लाटेत सोडायचं नाही.

दुसरं कुठलं रिसॉर्ट बुक करण्याआधी फोनवर विचारा: घरट्यातली अंडी सुरक्षित जागी कोण हलवतं? हे काम वनखात्याच्या देखरेखीखाली, प्रशिक्षित कासवमित्रांनीच (कासवं जपणाऱ्या स्थानिकांनी) करायचं असतं. घातल्यावर काही तासांत अंड्याच्या आत गर्भ कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर तो मरतो. हौशी हातांनी शंभरेक अंड्यांचं घरटं असंच वाया जातं.

किनाऱ्याकडचे दिवे रात्री बंद असतात का, हेही विचारा. पिल्लं उजेडाकडे वळतात, म्हणजे थेट लॉनवर.

त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास किंवा आंजर्ल्याला जा (पुण्याहून ताम्हिणी घाटामार्गे), गावातच घरगुती मुक्काम करा. घरटं कधी फुटेल याची हमी कुणीच देत नाही, म्हणून दोन रात्री ठेवा. दोरीमागे उभं राहायचं, फ्लॅश बंद.