भूक मेली आहे आणि वजन अजून उतरवायचंय. पुरेसं खायचं कसं?

जमाखर्च:

मी ४१ वर्षांची, उंची १५८ सेंटिमीटर. नऊ आठवड्यांपूर्वी वजन ८६ किलो होतं, आज सकाळी ७५. तुम्ही म्हणाल, मग रडतेस कशाला? तेच सांगायला आले आहे.

सुरुवात मीच केली. रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. पहिले चार-पाच दिवस पोटात कावळे ओरडले, मग ते उडूनच गेले. आता सकाळी अकरापर्यंत अन्नाचा विचारही नको वाटतो. दुपारी चौथ्या-पाचव्या घासानंतर घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो. काल एक उकडलेलं अंडं घेऊन बसले. पांढरं कसंबसं संपवलं, अर्धा बलक बशीत तसाच राहिला. संध्याकाळी बशी उचलली तेव्हा तो वाळून त्याला तडे गेले होते.

हिशेब लिहिणं हेच माझं काम, त्यामुळे खाल्लेलंही वहीत लिहिते. गेल्या चौदा दिवसांची सरासरी ७४० कॅलरी.

अंगठी सैल झाली म्हणून तिला दोरा गुंडाळलाय, त्याचं सगळ्यांना भारी कौतुक. त्याच हाताने मला बरणीचं झाकण उघडता येत नाही हे कुणाला दिसत नाही. दोन मजले चढले की कठड्याला टेकावं लागतं. बाकीचे पंखा लावून बसतात आणि मी स्वेटर घालून. न्हाणीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका. पाळी बारा दिवस पुढे गेली आहे.

अजून दहा-बारा किलो उतरवायचे आहेत. ॲप म्हणतं १४०० कॅलरी खा. भूकच नसताना १४०० भरायच्या कशा? आणि खरं सांगायचं तर मनात असंही येतं, की शरीरच नको म्हणतंय तर भरायच्या तरी कशाला? आयतंच वजन उतरतंय.

उगाचएक:

ताई, तुमची भूक हरवली असेल तर ती माझ्याकडे आली आहे, पत्ता पाठवा, परत करतो. आमच्याकडे रात्री बारालाही फ्रिजचा दिवा लागलेला असतो.

जमाखर्च:

हसले. पण गेले दोन महिने हेच ऐकतेय, "आम्हाला असं कधी होणार". जिना चढताना आठवतं मला ते.

खडूस:

आधी एक शंका, राग मानू नका. माणसं खाल्लेलं कमी लिहितात, मुद्दाम नाही, पण लिहितात. १९९२ साली एक अभ्यास झाला होता, "आम्ही इतकं कमी खातो तरी वजन हलत नाही" म्हणणाऱ्या लोकांचा. ते प्रत्यक्षात खात होते त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. म्हणून विचारतो, फोडणीचं तेल वहीत येतं का? येता-जाता तोंडात टाकलेले चार दाणे?

पण तुमच्या बाबतीत उलटा ताळा करून बघितला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी. ११ किलोच्या झाल्या ८४,७००. भागिले ६३ दिवस, म्हणजे रोजची तूट साधारण १३४४. मिफ्लिन-सेंट जोरच्या सूत्राने ८६ किलोला तुमचं नुसतं पडून राहण्याचं इंधन १४८० च्या आसपास येतं, बैठं काम धरलं तर दिवसाची गरज २०७०. त्यातून १३४४ वजा करा, उरले ७२६. गेलेल्या वजनात पाणी आणि स्नायूही आहेत, त्यामुळे आकडा अगदी काटेकोर नाही. तरी वही खरी निघाली. शंका मागे घेतो.

आता दुसरं. इथे कुणीतरी येऊन सांगेलच की "कमी खाल्लं की शरीर उपासमारीच्या मोडमध्ये जातं आणि वजन उतरणं थांबतं". तसं नसतं. खर्च कमी होतो हे खरं, भट्टी मंद होते, पण विझत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं होतं. ते आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचेही. त्यांचं जवळजवळ पाव वजन गेलं. उतरणं मंदावलं, पण पाव वजन गेलंच. सोबत काय काय आलं ते वाचा: सतत थंडी, नाडी मंद, अंगात त्राण नाही, चिडचिड, कशात मन नाही. तुमचा स्वेटर आणि कठडा ओळखीचा वाटला म्हणून सांगतोय. फरक एवढाच, की त्यांना भुकेने वेड लागायची पाळी आली होती आणि तुम्हाला भूकच नाही. तो फरक मला खटकतो. नुसत्या कमी खाण्याने माणसाची भूक सहसा अशी गप्प बसत नाही.

अर्धीवाटी:

अगं जमाखर्च, तुझं "आयतंच उतरतंय" वाचलं आणि राहवलं नाही. मीही तेच म्हणत होते. दोन वर्षांपूर्वी दहा आठवड्यांत सोळा किलो. मग एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी जमिनीवर बसून भिंतीला डोकं टेकलं. पित्ताशयात खडे. शेवटी पित्ताशय काढावं लागलं. सर्जनने विचारलेला पहिलाच प्रश्न, "अलीकडे वजन किती उतरवलंत?" चरबी भराभर वितळायला लागली की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. त्यात पोटात धड अन्न, त्यातही स्निग्ध काही गेलं नाही, की पित्ताशय नीट रिकामं होत नाही. साचलेल्या पित्ताचे खडे होतात. आठवड्याला दीड किलोच्या वर गेलं की धोका वाढतो म्हणतात. तू सव्वाच्या आत आहेस, पण लांब नाहीस. आणि बरणीचं झाकण उघडत नाही याचा अर्थ गेलेल्या अकरात चरबीबरोबर तुझे दंडही गेलेत.

आता खायचं कसं. भुकेची वाट बघणं आधी सोड. मी घड्याळ लावलं होतं, औषधासारखं. आठ, साडेदहा, एक, चार, सात. भूक आहे का हे स्वतःला विचारायचंच नाही. ताट मोठं दिसलं की मन आधीच ढेपाळतं, म्हणून छोटी वाटी घ्यायची आणि तीही अर्धीच भरायची. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

चावायचा कंटाळा येत असेल तर पी. पातळ पदार्थाने पोट कमी भरतं, एरवी वजन उतरवणाऱ्याला ते नडतं, तुला मात्र तेच उपयोगी. पाव लिटर दुधात ८ ग्रॅम प्रोटीन असतं. त्यात साय काढलेल्या दुधाच्या पावडरचे तीन मोठे चमचे फेटलेस की जवळपास दुप्पट होतं, आणि कप तेवढाच राहतो. गुठळ्या टाळायच्या तर पावडर आधी थोड्या थंड दुधात कालव, मग बाकीचं दूध ओत. मी एकदम गरम दुधात टाकून तीन दिवस गोळे गिळले आहेत. हा कप एकदम संपवायचा नाही. काम करता करता तासाभरात घोट घोट.

जेवताना अंडं, डाळ, मासा, पनीर, जे काही असेल ते पहिलं. भाजी मग. कोशिंबीर शेवटी, जागा उरली तर. पाणी जेवणाच्या आधी आणि जेवताना नको. गरम अन्नाच्या वासाने मळमळत असेल तर गार खा, दही-फळ चालून जातं. आणि तेलाला घाबरू नकोस, एक छोटा चमचा म्हणजे ४०-४५ कॅलरी, वाटीत दिसतही नाही. मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम, म्हणजे साधारण १७० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रोटीन.

एकदम १४०० वर उडी मारू नकोस, पोट फुगेल आणि तू वैतागून सोडून देशील. दर आठवड्याला शंभर-दीडशे वाढव. मधे काटा किलोभर वर जाईल. ते पाणी असतं. स्नायूंत साखरेचा साठा परत भरतो, तो स्वतःच्या तिप्पट पाणी धरून ठेवतो. मी तेव्हा घाबरून दोन दिवस परत उपाशी राहिले होते, तो मूर्खपणा तू करू नकोस.

जमाखर्च:

तुम्ही कोशिंबीर म्हणालात आणि मी वही उघडली. रोज दुपारी जेवणाआधी एक मोठा वाडगा काकडी, वजन उतरवायला चांगली म्हणून. वहीत ती ३० कॅलरीची नोंद. आणि सकाळी अकरापर्यंत तीन कप काळी कॉफी. कॉफीची नोंद शून्य म्हणून मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

अर्धीवाटी:

बघ! पोटातली सगळी जागा काकडीने घेतली आणि सकाळची भूक कॉफीने. कॉफी खाल्ल्यानंतर एक कप, आधी नाही.

पथ्यपाणी:

मी आहारतज्ज्ञ आहे. वरचं सगळं कामाचं आहे, पण क्रम थोडा बदला. आधी डॉक्टर, मग वाटी.

दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचा नसतो. तुम्ही तो नकळत घेताय. पाळी पुढे गेली आहे तर गरोदरपणाची चाचणी आजच करा, मग बाकी तर्क. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, थायरॉइड आणि साखर असू द्या. लोह कमी झालं तरी भूक मंदावते. थायरॉइड मंदावलं तरी भूक कमी होते आणि थंडी वाजते, पण त्यात वजन सहसा वाढतं. मधुमेहाची काही औषधं आणि वजनासाठीची इंजेक्शनं मुद्दाम भूक मारतात. असं काही चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, डोस कमी-जास्त करता येतो, स्वतःहून बंद करू नका.

दोन प्रश्न इथे उत्तर न देता स्वतःला विचारा. एरवी आवडणाऱ्या गोष्टींतूनही मन उडालंय का? आणि काटा खाली गेला की होणारा आनंद इतका आहे का, की खायची भीती वाटते? कुठल्याही एकाचं उत्तर हो असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं. नैराश्यात भूक जाते, आणि खाण्याचे आजार चाळिशीतही होतात.

आकडे हवे असतील तर हे घ्या. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. आजच्या ७५ किलोला तुमची गरज १९०० च्या थोडी वर, त्यातून ५०० वजा, म्हणजे ॲपचे १४०० बरोबर आहेत. प्रोटीन तुम्हाला जे वजन गाठायचंय त्याच्या दर किलोला १.२ ग्रॅम धरा, ७५ ते ८० ग्रॅम होईल. थोडी ताकद आली की आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम, पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांनीही चालेल. प्रोटीन खाल्लं पण स्नायूंना काम दिलं नाही, तर अर्धंच साधतं.

जमाखर्च:

पाच आठवड्यांनी आले. गरोदर नाही. हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ७. डॉक्टर म्हणाल्या, पाळीत रक्तस्राव जास्त होत असणार, लोह कधीपासून गळतंय, डाएटने त्याच्यावर कडी केली. म्हणजे ज्याला मी माझा निग्रह समजत होते त्यात बराचसा वाटा रिकाम्या साठ्याचा होता. खडूस, तुमचं खटकणं बरोबर निघालं.

वहीतले आकडे: पहिल्या आठवड्याची सरासरी ८७०, या आठवड्याची १३१०. प्रोटीन ६८ ग्रॅमपर्यंत येतं, ८० अजून गाठलं नाही. वजन दुसऱ्या आठवड्यात ७५.८ झालं. त्या सकाळी मी काट्यावरून तीनदा उतरून तीनदा चढले. आज ७२.९. स्वेटर कपाटात गेला. केस अजून गळतात. डॉक्टर म्हणाल्या, ते काही महिने चालेल, आता जे गळतंय ते तेव्हाच्या उपासाचं आहे.

भूक आली असं नाही म्हणता येणार. पण परवा चारचं घड्याळ वाजायच्या आधीच मी वाटी घेऊन बसले होते. अंडं आता कुस्करून दह्यात घालते, त्यामुळे बलक मागे राहत नाही. दिसायला भयंकर दिसतं. दुधाच्या कपाला मात्र चटावले आहे, सकाळी आठला तो आणि लोहाची गोळी, दिवस तिथूनच सुरू होतो.

पथ्यपाणी:

थांबा. गोळी दुधाबरोबर घेताय? दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. दोघांत दोन तास तरी अंतर ठेवा, कॉफीपासूनही. गोळी लिंबूपाणी किंवा संत्र्याबरोबर घ्या, आणि मळमळलं तर थोड्या खाण्यानंतर.

जमाखर्च:

पाच आठवडे दुधाबरोबर गिळतेय. उद्यापासून अकराला, संत्र्याबरोबर. वहीत लिहिलं.

उगाचएक:

म्हणजे माझी भूक परत करायची गरज नाही ना? मी ठेवून घेतो मग.