सरकारी शाळेची खरी बातमी आम्हा पालकांपर्यंत वेळेवर कशी पोचणार?

म्हापशाची_आई

नमस्कार सगळ्यांना. माझी दोन्ही मुलं म्हापशात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत आहेत, एक पहिलीत एक चौथीत. शाळा चांगली आहे, टीचर मनापासून शिकवतात, त्याबद्दल तक्रार नाहीच. त्रास आहे तो निरोपांचा. शाळेचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे पण त्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो, आपण काही विचारायचं म्हटलं तर सोयच नाही. आणि येतं काय तर इंग्रजी सर्क्युलरचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही वाकडा, तारखेवर नेमका शिक्का बसलेला. मी दहावी शिकलेय, मी कसंबसं लावून वाचते. माझ्या शेजारी एक बाई राहतात, मूळच्या कर्नाटकातल्या, शुक्रवारच्या बाजारात भाजी घेऊन बसतात, त्या फोटो घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात ताई यात माझ्या मुलाचं काय लिहिलंय. मागे अपारचा (मुलांच्या ओळख नंबरचा) फॉर्म आला तेव्हा त्यांनी कशावर सही करतोय हे न कळताच सही करून दिली.

पावसात तर विचारूच नका. आदल्या रात्री चार ग्रुपवर चार निरोप, एकात उद्या सुट्टी, एकात नाही, एकात फक्त दक्षिण गोव्याला. आता नवीन फॉरवर्ड फिरतोय की पटसंख्या कमी म्हणून आमची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करणार. ऑफिसात विचारलं तर आम्हाला काही आलेलं नाही म्हणतात. मग खरं कोणाला विचारायचं? पालक म्हणून आपल्याला हे लेखी, आपल्या भाषेत मागता येतं का? कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

फोंड्याची_टीचर

ताई, मी सरकारी प्राथमिकमध्येच शिकवते म्हणून आतली बाजू सांगते. सर्क्युलर पर्वरीच्या शिक्षण संचालनालयातून निघतं, तिथून तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग मुख्याध्यापकांकडे आणि शेवटी तुमच्या ग्रुपवर. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापिका स्वतः दोन वर्ग घेते, माध्यान्ह आहाराचं रजिस्टर भरते, ऑनलाइन माहिती भरते, त्यात निवडणुकीचं काम आलं की झालंच. त्यामुळे फोटो काढून टाकला की निरोप गेला असं होतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. आमच्या शाळेत आम्ही प्रत्येक सर्क्युलरखाली मराठीत तीन ओळी टाइप करतो, काय आहे, कुणासाठी आहे, कधीपर्यंत करायचं. दोन मिनिटं लागतात आणि दुसऱ्या दिवशी गेटवर वीस पालकांना तेच ते सांगावं लागत नाही.

खरं खोटं ओळखायचं तर सर्क्युलरला क्रमांक, तारीख आणि सही असते ते आधी बघा, नुसता टाइप केलेला मजकूर आला तर विश्वास ठेवू नका. संचालनालयाच्या वेबसाइटवर सर्क्युलर असतात तिथे जुळवून बघता येतं. आणि सुट्टी कोणत्या इयत्तेला आहे हे नीट वाचायचं. जुलै २०२४ मध्ये रेड अलर्ट होता तेव्हा बारावीपर्यंत सगळ्यांना सुट्टी होती, पण दर वेळी तसंच असेल असं धरू नका. २०२५ ला तर सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलातच सुरू झाले, तेव्हा ज्यांचं एक मूल चौथीत आणि एक सातवीत त्यांची किती धांदल उडाली ते मी बघितलंय.

अपारबद्दल शेजारच्या ताईंना सांगा, तो १२ आकडी विद्यार्थी नंबर आहे, मुलाच्या निकालाच्या नोंदी त्याला जोडल्या जातात, आणि त्यासाठी पालकाची संमती लागते. संमती म्हणजे समजून दिलेली. शाळेत जाऊन परत समजावून सांगा म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळत नसलं की तिथेच गाडी अडते, म्हणून ते आधी बघून घ्या. मूल ५ वर्षांचं झालं की आधारला बोटांचे ठसे अपडेट करायचे असतात, ५ ते ७ वर्षांत केलं तर फुकट होतं. पहिलीतल्या मुलाचं राहिलं असेल तर आताच उरका.

वास्को_पालक

मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. ताई, तुमच्या शाळेत ही समिती आहे का ते पहिलं विचारा, कागदावर नक्की असणार. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, सरकारी पैसे कशावर खर्च झाले ते बघायचा अधिकारही तिला आहे. बऱ्याच ठिकाणी काय होतं, सह्या घ्यायला रजिस्टर घरी येतं आणि मीटिंग झाली असं लिहिलं जातं. सही करू नका, मीटिंगला जा.

आमच्याकडे अर्ध्याहून जास्त मुलं कन्नड नाहीतर हिंदी बोलणाऱ्या घरांतली, आईवडील बांधकामावर, बंदरावर, लोकांच्या घरी कामाला. कितीतरी जणांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. ग्रुपवर लांबलचक लिहिलेलं कोण वाचणार? म्हणून आम्ही समितीत ठरवलं की निरोप बोलून पाठवायचा. टीचर मराठीत व्हॉइस मेसेज करतात, आमच्यातलीच एक आई तोच कन्नडमध्ये बोलते, एक रिक्षावाले भाऊ हिंदीत. एक मिनिटाच्या आत. "उद्या साडेआठला मुलांचे दात तपासायला डॉक्टर येणार, मुलांना खाऊन पाठवा" एवढंच. आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी गेटवर फळा ठेवलाय, शाळा सुटताना मोठी मुलं त्यावर उद्याचा निरोप लिहितात. आधी मीटिंगला पाच सहा जणी यायच्या, आता वर्ग भरतो, कामावरून थेट सिमेंटच्या हातांनी येणारे वडील मी बघितलेत. लोकांना मुलांची पर्वा नाही असं जे म्हणतात ना, ते मला अजिबात पटत नाही. त्यांच्यापर्यंत कोणी पोचतच नाही हो.

पर्वरीचा_दादा

विलिनीकरणाबद्दल सांगतो. फॉरवर्डवर जाऊ नका, आकडे स्वतः बघा. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस कोड (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) असतो, तो टाकून यूडायस प्लसच्या साइटवर शाळेची पटसंख्या, शिक्षक किती, टॉयलेट, पाणी सगळं दिसतं. तुमच्या शाळेचा पट तिथे काय दाखवलाय ते बघितलं की अफवेत किती दम आहे त्याचा अंदाज येईल, शिवाय आकडा चुकीचा असेल तर तेव्हाच हरकत घेता येते.

दुसरं, माहिती अधिकार. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. प्रश्न असा लिहा, अमुक शाळा विलीन करण्याबाबत काही प्रस्ताव किंवा टिपणी आहे का, असल्यास प्रत द्या. "शाळा बंद करणार का" असं विचारू नका, कारण मत किंवा अंदाज देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद असेल तर तो मात्र द्यावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये सरकारने माहिती स्वतःहून द्यावी आणि देताना स्थानिक भाषेचा विचार करावा असं लिहिलंय. शिवाय १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी मराठीचा वापर सरकारी कामासाठी करता येतो असं आहे. तेव्हा मराठीत निरोप मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे, ठणकावून मागा.

आणि शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असं आहे. खरंच विलिनीकरणाची वेळ आली तर मुलं हायवे कशी ओलांडणार, कोण सोडणार, हा मुद्दा समितीच्या ठरावात लिहून घ्या. ठराव लेखी असला की वर पाठवता येतो.

म्हापशाची_आई

देव बरें करूं सगळ्यांना, खरंच. समितीची यादी मी आज मागितली, माझ्या वहिनीचंच नाव निघालं त्यात, तिला माहीतच नव्हतं! शेजारच्या ताई कन्नडमध्ये व्हॉइस मेसेज करायला तयार आहेत, फक्त बाजाराच्या दिवशी जमणार नाही म्हणाल्या. मराठीत तीन ओळी आणि गेटवर फळा, एवढं मागणारा अर्ज लिहितेय, गणेश चवथीच्या सुट्टीआधी द्यायचा आहे. मुख्याध्यापिकांना द्यायचा की थेट भागशिक्षणाधिकाऱ्यांना?

फोंड्याची_टीचर

आधी मुख्याध्यापिकांनाच द्या ताई, आणि एक प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना. तुमच्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्यायला विसरू नका. आणि अर्जावर शेजारच्या ताईंचीही सही घ्या, ह्या वेळी वाचून दाखवून.