ग्रुपवर टाकलेला फोटो जपला गेला असे नाही

‘कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले की प्रत्येकाकडे प्रत राहते, मग वेगळे जपायचे कशाला?’ हा मुद्दा मला पुरता पटत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा आकार कमी केला जातो आणि कॅमेऱ्याने त्यात नोंदवलेली तारीख, वेळ व ठिकाण ही माहितीही गळून पडते. त्यामुळे दहा वर्षांनी बारशाचे आणि मुंजीचे फोटो लावायला बसल्यावर कोणता कधीचा, हे घरातल्या थोरांच्या आठवणीवरच सोडावे लागते. (आमच्या आजीच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नाव आणि साल असे, या बाबतीत ती आपल्यापेक्षा पुढेच होती.) तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते, पण ठिकाणाची नोंद असल्यास तीही सोबत जाते, तेव्हा लहान मुलांचे फोटो मोठ्या ग्रुपवर असे पाठवू नयेत. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली असून १५ जीबीची मोफत जागा जीमेल आणि ड्राइव्हसह वाटून घ्यावी लागते. म्हणून आम्ही निवडक मूळ फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि त्यांतली एक डिस्क माझ्या बहिणीच्या घरी असते.